हे तिकीट माह्याकडे

“थांब पोरी, हे तिकीट माह्याकडे.”

एवढं म्हणून आबाजी सदऱ्याच्या आतल्या खिशातून कार्ड काढायचे, माझ्या मशीनवर पालथं ठेवायचे आणि डोळे गच्च मिटून घ्यायचे. श्वाससुद्धा धरून ठेवायचे. मशीन ‘टुं’ करायचं. मग एकेक डोळा उघडून, सगळ्या बसकडे बघून, हळूच म्हणायचे, “गेले बापा!”

पैसे गेल्याचा एवढा आनंद झालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर मला सांगा.

मी कंडक्टर आहे. बी.ए. आहे, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मुद्दाम सांगते, कारण या दोन गोष्टी एकत्र ऐकल्या की लोक ‘अरेरे’ करतात. अरेरे करू नका. माझी नोकरी मला आवडते. कारंजा ते कामरगाव या रस्त्यावर गळ्यात मशीन अडकवून उभी राहिले की माणसं जशी दिसतात तशी ती त्यांच्या घरच्यांनाही दिसत नसतील. आबाजी मला असेच दिसले. त्यांचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. फाट्यावरून थोडं आत, विहिरीच्या पाण्यावर वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवणारं गाव, एवढं पुरे. आबाजीही तेच पिकवायचे. सकाळी भाजीचा कट्टा घेऊन कारंजाला जायचे, दुपारच्या गाडीने रिकामा कट्टा घडी करून काखेत धरून परत यायचे.

गंमत बघा, त्यांना स्वतःला तिकीट नव्हतंच. पंच्याहत्तरी उलटलेली, त्यामुळे आधार कार्ड दाखवलं की शून्य रुपयांचं तिकीट. लोक चिडवायचे, “आबाजी, तुमाले तं फुकट हाय, मंग हे कार्ड कायले मिरवता?”

“माह्यासाठी थोडंच हाय थे?” आबाजी म्हणायचे.

ते होतं गावच्या लेकींसाठी. आमच्या भागात एक रीत होती. लग्न होऊन गेलेली गावची पोरगी बसमध्ये भेटली, की गावातला जो कोणी मोठा माणूस त्या बसमध्ये असेल त्याने तिचं तिकीट काढायचं. जात कोणती, घर कोणतं, बोलचाल आहे की नाही, काही बघायचं नाही. गावाची लेक, गावानं तिकीट काढायचं. आता बायांना तिकीट अर्धंच झालं आणि मोबाईलमध्ये बघत बसायची सोयही झाली, त्यामुळे लेक चढली की गावातली माणसं मान वर करत नाहीत. आबाजी मात्र करायचे. मान नुसती वर करायचे नाहीत, उठून उभे राहायचे.

कार्ड यायच्या आधी हे काम फार अवघड होतं. आबाजी कमरेच्या पिशवीची गाठ सोडायला लागायचे, तोवर लेक पर्स उघडून नोट माझ्या हातात कोंबायची. “राहू द्या आबाजी.” “हात मांघं घे पोरी!” “नाही आबाजी, मागच्या टायमाले बी तुमीच काढलं.” “कंडक्टर बाई, तिचे पैसे घेजो नको, सांगून ठेवतो!” चालत्या गाडीत, दोन्हीकडून माझ्यावर नोटांचा मारा. बऱ्याचदा लेकच जिंकायची, कारण तिचे हात चपळ. मग आबाजी फाट्यापर्यंत रुसून बसायचे.

एक दिवस त्यांनी बँकेनं दिलेलं नवं कार्ड मला दाखवायला काढलं. “पोरी, तू शिकेल हायस. ह्या रेघा कायच्या, पाय बरं.”

मी पाहिलं. एकात एक बसवल्यासारख्या वाकड्या रेघा. “आबाजी, हे मशीनले नुसतं टेकवलं का तिकीट निघते.”

“बटन?”

“नाही लागत.”

“सही? आंगठा?”

“काहीच नाही.”

“मंग त्याले समजते कसं, का हे माहे पैसे होत म्हनून?”

“समजते आबाजी,” मी म्हटलं. मलाही त्याहून जास्त सांगता आलं नसतं.

त्याच फेरीत गावची एक लेक मागच्या सीटवर होती. आबाजी उठले, “हे तिकीट माह्याकडे” म्हणाले आणि कार्ड टेकवलं. टुं. पोरीची पर्सची चेन अर्धी उघडलेली, तशीच राहिली. आबाजी कितीतरी वेळ कार्डाकडे बघत उभे. मग म्हणाले, “हाताचा पैसा कोनाले दिसलाच नाही. पोरीले लाजा लागलं नाही. कोनं बनवलं असन बापा हे?” आणि त्या बनवणाऱ्याला त्यांनी गाडीच्या टपाकडे बघून हात जोडले.

भीतीही तेवढीच. पहिले काही दिवस ते माझ्यापासून लांब बसायचे. मी जवळून गेले की खिशावर हात दाबून धरायचे. “तिकून जाय पोरी. तू इथं उभी राह्यली तं ह्या बोकडवाल्याचं तिकीट बी माह्यातून कटन!” बोकडवाला म्हणायचा, “कटू द्या ना आबाजी, मी बी गावचाच.” “तू हायस, पन तुले नांदाले कुठं धाडलं व्हतं?”

मला एकदा त्यांनी विचारलं होतं, “तुवं माहेर कोनतं?” मी म्हटलं, “जऊळका. पण माझी काळजी करू नका आबाजी, माझं तिकीट कोणी काढत नाही, मीच सगळ्यांची काढते.” ते खूप हसले होते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

एका सकाळी फाट्यावर दोन बाया चढल्या. एक गावची लेक, माहेरपण आटोपून निघालेली. दुसरी गावची सून, कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू, कारंजाला दवाखान्यात निघालेली. आबाजी उठले, लेकीचं तिकीट कार्डावर काढलं, टुं झालं, आणि खाली बसून खिडकीबाहेर बघायला लागले. सून एका हातानं लेकरू सावरत दुसऱ्या हातानं पर्समध्ये चाचपडत होती.

“आबाजी, एक इचारू का?” ती म्हणाली. “रागावसान नाही ना?”

“इचार.”

“हे बाई वर्सातून एकडाव येते, थे गावची. मी रोज ह्याच गावचं पानी भरते, मंग मी कोनाची?”

बस हसली. आबाजी हसले नाहीत. त्यांच्या शेतामध्ये आणि या सुनेच्या सासऱ्याच्या शेतामध्ये जो बांध होता, ज्याला आम्ही धुरा म्हणतो, त्यावरून दोन्ही घरांची बोलचाल बंद होती, हे सगळ्या बसला माहीत होतं.

“तू सून होय बापा,” ते सावकाश म्हणाले. “सुनेचं तिकीट तिच्या घरचे काढतेत. मी काढलं तं तुह्या सासऱ्याले वाटन, ह्यानं आमची इज्जत काढली.”

“पैसे हायेत ना माह्याजवळ. पैशाचं नाही म्हनत मी.” तिनं नोट माझ्या हातात दिली. “पन ‘थांब पोरी’ असं मले ह्या गावात कोनी म्हनलंच नाही कधी. म्हनून इचारलं.”

मी तिकीट फाडून दिलं. कारंजा येईपर्यंत आबाजी कार्ड हातात धरून बसले होते, खिशात ठेवायचं विसरून.

तुम्ही म्हणाल, काढायचं होतं गुपचूप. कार्डच ते, टेकवलं की झालं, सासऱ्याला कोण सांगणार होतं? पण आबाजींचं तसं नव्हतं. लेकीचं तिकीट काढायचा हक्क तिच्या गावच्या माणसाचा. ही त्यांच्या गावची लेक नव्हती. हक्क नसताना काढलं तर ती भीक झाली असती. आणि नाही काढलं तर पोरीचा प्रश्न तसाच राहत होता. दोन्हीकडून त्यांची कोंडी झाली होती, आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

त्यानंतर काही दिवस आबाजी गाडीला आले नाहीत. मग एका दुपारी कारंजाच्या स्टँडवर दिसले. काखेत कट्टा नाही. डोक्यावर कोरी करकरीत टोपी, गळ्यात नवं उपरणं, हातात नारळ.

“लग्नाले गेल्ते का आबाजी?”

“किन्हीराजाले गेल्तो.”

“तिथं कोन हाय तुमचं?”

“आता मीच हावो,” आबाजी म्हणाले.

किन्हीराजा म्हणजे त्या सुनेचं माहेर, तिकडे मालेगाव तालुक्यात. आबाजींनी तिथं कोणालाही ओळखत नसताना जाऊन तिच्या बापाचं घर शोधलं होतं. पोरीच्या सासरगावचा म्हातारा दारात बघून बाप बिचारा हादरला, पोरीचं काही बरंवाईट झालं की काय म्हणून. “चहा बी कपात पडे ना त्याच्या हातून,” आबाजी सांगत होते. “मी म्हनलं, बापा, पोरगी गोड हाय तुही. मी मागाले आलो.”

“काय मागाले?”

“हक्क. म्हनलं, तुमच्या पोरीले बसमंधी ‘थांब’ म्हनाले तुमच्या गावचं कोनी तिकडे नसते. मले तुमच्या गावचा करून घ्या.”

बापाने शेजारपाजारचे म्हातारे बोलावले. ते आधी हसले म्हणे. एकाने विचारलं, “तिकिटासाठी इतक्या दूर आले?” आबाजींनी कार्ड काढून दाखवलं, ते कसं टेकवायचं, टुं कसं होतं, पोरीला लाजावं लागत नाही, सगळं समजावून सांगितलं. मग कोणी हसेना. एक जण उठून दुकानातून टोपी-उपरणं घेऊन आला. त्यांनी आबाजींना कुंकू लावलं आणि म्हणाले, “आजपासून तुमी इथचे.”

मी स्टँडवर उभी होते, गळ्यात मशीन अडकवून. माणूस जिथं जन्मतो त्या गावचा, असंच मी धरून चालले होते. दुसऱ्या गावचं होण्यासाठी कोणी गाडी बदलून जातं आणि दारात उभं राहून विचारतं, हे मी ऐकलेलंसुद्धा नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी फाट्यावर ती सून चढली. पुढे सासरा. त्याने नोट पुढे केली, “दोन दे.” आबाजी त्याच टोपीत मागच्या सीटवरून उठले.

“थांब पोरी, हे तिकीट माह्याकडे.”

सासरा गर्रकन वळला. “कोन रे तू माह्या सुनेचं तिकीट काढनारा? धुरा कोरून पोट नाही भरलं का?”

“आज मी तुह्या धुऱ्यावरचा नाही,” आबाजी म्हणाले. “किन्हीराजाचा हाव. पोरीच्या माहेरचा. लाव फोन तिच्या बापाले, इचार.”

सासऱ्याने सुनेकडे पाहिलं. बापाचा फोन तिला येऊन गेला असावा, कारण तिनं पदर तोंडाला लावला होता आणि ती नुसती मान हलवत होती, हो म्हणून.

आबाजींनी कार्ड टेकवलं. डोळे मिटले. आणि मशीनवर गोल फिरायला लागलं. तो नाल्याचा उतार, तिथं रेंज जाते. गोल फिरतंय, फिरतंय. ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं. सासरा नोट धरून उभा, आबाजी श्वास धरून उभे, आणि मी मनातल्या मनात मशीनला म्हणतेय, आज इज्जत राख बाई. गाडी नाल्यावरून चढावर आली.

टुं.

“गेले आबाजी,” सून म्हणाली.

सुनेच्या माहेरच्या माणसावर आमच्याकडे आवाज चढवत नाहीत. चढवला तर आपलीच लाज. सासरा मटकन सीटवर बसला. मग खिडकीकडे सरकून, तोंड न वळवताच बोलला, “मंग उभे काहून राह्यले, सोयरे? बसा.”

आबाजी बसले.

“आन् माहं तिकीट?” सासऱ्यानं विचारलं.

“तुहं तू काढ. तू कोनाची लेक हायस?”

त्या दिवशी बस जेवढी हसली तेवढी नंतर कधी हसली नाही. सासराही हसला, मिशीतल्या मिशीत. धुऱ्याचं भांडण मिटलं असं मात्र समजू नका. धुरा जिथल्या तिथं होता आणि धुऱ्यावर दोघं एकमेकांना शिव्याही द्यायचे. फक्त बसमध्ये चढले की सोयरे व्हायचे.

पुढे गावच्या आणखी काही सुनांनी आपापल्या माहेरांची नावं आबाजींच्या कानावर घातली. झेपेल तेवढ्या गावांना ते जाऊन आले. सगळीकडे टोपी मिळाली नाही. एका ठिकाणी तर हाकलूनही दिलं म्हणे, “म्हातारं सरकलं” म्हणून. ते त्यांनी मला हसत हसत सांगितलं.

हा हिवाळा लागला तेव्हा आबाजी बरेच दिवस दिसले नाहीत. भाजीचा हंगाम होता, मला वाटलं शेतात असतील.

मग एका सकाळी कारंजाच्या स्टँडवर अनोळखी म्हाताऱ्यांचा घोळका माझ्या गाडीत चढला. सोबत एक वयस्क बाई. आबाजींच्या फाट्याचं तिकीट मागितलं. या फाट्यावर उतरणारी सगळी माणसं मला तोंडपाठ. ही त्यातली नव्हती.

“कोनाकडे जाऊन राह्यले बाबाजी?” मी विचारलं.

त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“आमच्या गावचा मानूस गेला, बाई.”

“कोनतं गाव तुमचं?”

“किन्हीराजा.”

मला असं कळलं. मी तिकिटं काढली. कोणती बटणं दाबली ते आठवत नाही.

फाट्यावर सुनेचा सासरा उभा होता, उघड्या डोक्यानं. त्यानं दाराशी येऊन त्या म्हाताऱ्याच्या हातातली पिशवी घेतली, दुसऱ्या हाताने त्याचा दंड धरून त्याला खाली उतरवलं, आणि सगळ्यांच्या पुढे गावाकडे चालायला लागला.