तीन कान, एकही डोळा नाही

पूरबचावासाठी आमची लष्करी तुकडी परभणी जिल्ह्यात जाणार, ही ऑर्डर ऐकली तेव्हा मी उडी मारायचीच काय ती बाकी होती. एकोणीस वर्षांची सर्व्हिस झाली होती. राजस्थान झालं, आसाम झालं, काश्मीर दोनदा झालं. पण आपल्या जिल्ह्यात वर्दी घालून उतरायची ही पहिलीच वेळ होती. मी चुडाव्याचा. मेजर साहेब म्हणाले, "हवालदार, तुम्हारा इलाका है. तुम मेरे साथ रहोगे." माझी छाती चार बोटं फुगली.

मी सिग्नलचा माणूस. रेडिओ सांभाळायचा आणि आलेला प्रत्येक निरोप लॉगबुकात लिहायचा, हे माझं काम. हाताखाली लान्स नायक दिलबर होता. गढवालचा, आठवी पास, बोलायला कंजूष. त्याला एक खोड होती. निरोप लिहून झाला की समासात पेन्सिलीने एक शब्द टाकायचा. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं असेल तर 'आँख', नुसतं ऐकलं असेल तर 'कान'. मी त्याची टर उडवायचो, "अरे, हे लॉगबुक आहे की डोळ्यांचा दवाखाना?" तो हसायचा आणि पुढच्या निरोपापुढे पुन्हा तेच लिहायचा.

खरं तर ही शिकवण माझ्या घरची होती. वडील शिक्षक. दर रविवारी विहारात ते सांगायचे, बुद्धांनी म्हटलंय, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, वाडवडील मानत आले म्हणून मानू नका, तपासून बघा. माझं ते तोंडपाठ होतं. पाठ असणं आणि पाळणं यात किती अंतर असतं, ते पुढे कळायचं होतं.

पूर्णा नदीकाठच्या एका शाळेत आमची कंट्रोल रूम लागली. सकाळी ०६१० वाजता पहिली बोट पाण्यात उतरली. येलदरी धरणातून सोडलेलं पाणी दुपारी दोनपर्यंत आमच्या पट्ट्यात पोचेल, असा निरोप होता. त्याआधी काठावरची माणसं हलवायची होती. तीन बोटी आणि गावांची लांबलचक यादी. जवान पळत होते, इंजिनं धडधडत होती आणि मी नकाशावर बोट ठेवून रस्ते सांगत होतो. खोटं कशाला बोलू, लय मजा येत होती.

यादीत माळवस्ती होती. मेंढ्या पाळणाऱ्यांची दोन-तीन घरं. लहानपणी मी पाहिलेलं, पाणी चढलं की ती माणसं मेंढ्या घेऊन रेल्वेच्या भरावावर येऊन बसायची. तरी ०६३० ला मी चुलतभावाला, सिद्धार्थला, चुडाव्यात फोन लावला.

"जयभीम. माळवस्ती रिकामी झाली असंल, न्हाई का?"

"जयभीम, दादा. झाली असंल की."

मी फोन ठेवला आणि कामाला लागलो.

०८२० ला एका सरपंचांचा फोन आला, माळवस्ती रिकामी. ०८३५ ला ग्रामसेवकाचा, माळवस्ती रिकामी. ०८४० ला एका जवानाने मोबाईल दाखवला. गावाच्या ग्रुपवरही तेच. मी मेजर साहेबांसमोर खाडकन सावधान झालो.

"साहेब, माळवस्ती क्लिअर. तीन जगह से कन्फर्म."

साहेबांनी यादीत काट मारली. त्या वस्तीसाठी ठेवलेली बोट दुसऱ्या गावाला निघायची तयारी करू लागली.

दिलबर लॉगबुकावर वाकला होता. समासात एकाखाली एक तीन शब्द होते. कान, कान, कान.

"उस्ताद, तीन कान हुए. आँख एक भी नहीं."

"अरे, माझा इलाका आहे हा!"

"जी, उस्ताद. आपने देखा?"

मला राग आला. एवढ्या लोकांदेखत हा कालचा पोरगा मला विचारतो! केवळ त्याचं तोंड बंद करायला मी सरपंचांना उलटा फोन लावला. ते म्हणाले, ग्रामसेवकाकडून कळलं. ग्रामसेवक म्हणाले, ग्रुपवर वाचलं. ग्रुपवर टाकणारा कोण? सिद्धार्थ. मी त्याला फोन लावला.

"तुला कुणी सांगितलं रे?"

"तुमीच की, दादा! सकाळी तुमीच नाय का म्हणलाव, रिकामी झाली म्हणून? म्हणलं, मिलिटरीचा माणूस सांगायलाय म्हणल्यावर पक्कंच असंल."

माझाच अंदाज गावभर हिंडून, तीन भल्या माणसांचे शिक्के घेऊन माझ्याकडे परत आला होता. मी त्यालाच पुरावा म्हणत होतो.

०८५५. मी साहेबांकडे गेलो.

"साहेब, माळवस्तीची खबर कच्ची आहे. सोर्स मीच आहे."

त्यांनी यादीतली काट खोडली. "बोट तीन रोको. खुद जाओ. देखके बताओ."

धावतच निघालो. दिलबर पाठीवर रेडिओ सेट घेऊन पुढे बसला. पाण्याला ओढ होती, बाभळीचे नुसते शेंडे दिसत होते. पाऊण तास आम्ही इंजिनाशी आणि धारेशी झगडत होतो. वळण पार झालं आणि दिलबर उभा राहून ओरडला, "उस्ताद! लाल पगडी!"

वस्तीतल्या मारुतीच्या पारावर माणसं होती. चहूबाजूंनी पाणी आणि मधे ती, मेंढ्यांना खेटून बसलेली. मी मोजली. अकरा.

"लय येळ केलाव रं बाबा," लाल पटकेवाले आजोबा म्हणाले. "कवाधरनं वाट बघायलाव."

"भरावावर का न्हाई गेलाव तुमी?"

"भरावावर? ती वाट कवाच मोडली. मधी नवा तलाव झालाय. तुमाला कुणी सांगितलं भरावाचं?"

मला माझ्या लहानपणाने सांगितलं होतं.

दिलबरने सेट उघडून कंट्रोलला पुकारलं. "अल्फा, चार्ली बोल रहा हूँ. ग्यारह आदमी. आँख से देखा. ओवर."

पलीकडून साहेबांचा आवाज आला, "शाबाश! निकालो सबको. आउट."

बायजाबाई नावाची एक म्हातारी बोटीत पाय ठेवीना. "पिल्लं घेतल्याबिगर म्या न्हाई यायची!" मग मेंढ्यांची पिल्लंही घेतली. एक दिलबरने सदऱ्यात कोंबलं. ते सेटच्या माईकजवळ ओरडायला लागलं आणि कंट्रोलमधून विचारणा झाली, "चार्ली, यह क्या मैसेज है?" बोटभर माणसं त्या पाण्यातही हसली. दोन खेपांत अकराही माणसं काठावर आली. मोठ्या मेंढ्या मात्र बऱ्याच गेल्या. दुपारी दीडला मी दुर्बीण लावली तेव्हा पार दिसत नव्हता, मारुतीच्या देवळाचा फक्त कळस दिसत होता.

त्या संध्याकाळी मी दिलबरकडून पेन्सिल मागून घेतली. माझ्या ०६३० च्या फोनची नोंद लॉगबुकात नव्हती. ती केली आणि समासात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'कान'. दिलबरने चहाचा मग तेवढा पुढे सरकवला.

पुढे मी पेन्शनवर आलो. दिलबर उत्तरेला बर्फात पोस्टिंगवर गेला. एका सकाळी ११२० ला आमच्या जुन्या सेक्शनमधल्या एका शिपायाचा फोन आला.

"उस्ताद, दिलबर नहीं रहा. हिमस्खलन."

सवयीने तोंडातून गेलं, "तूने देखा, या सुना?"

फोनमध्ये खरखर होती. मी मनात म्हणत होतो, सुना म्हण. एकदा सुना म्हण.

"देखा, उस्ताद. मैंने ही बाहर निकाला."

मी डायरी उघडली. वेळ लिहिली, नाव लिहिलं. मग पेन्सिल घेऊन समासात त्याचाच शब्द लिहिला, 'आँख'.