चेनकव्हरची खरखर

मंडळी, आज ग्रुपवर कामाचा ईमेल नाही. डोकं ठिकाणावर नाही.

बाबा तळोज्याच्या कंपनीत सायकलने जायचे. दुकानवाले सायकल आणखी बिघडवतात म्हणत सगळी दुरुस्ती स्वतःच करायचे. एकदा त्यांनी चेनकव्हर हातोडीने ठोकलं, तेव्हापासून ते चेनला घासायचं. खालून खरखर आली की आई चहा ठेवायची.

बाबा गेले त्याला वर्ष झालं. आज सकाळी मी सायकल दुकानात टाकली. दुकानदार म्हणाला, "टेन्शन नको. उद्या कव्हर बदलतो, आवाज बंद."

संध्याकाळी खालून तीच खरखर आली. मी गॅलरीत धावलो. खाली कुणीच नव्हतं.

आत आई चहा ठेवत होती. म्हणाली, "त्यांना ग्रीसचे हात आधी धुवायला सांग."

आता तुम्हीच सांगा, उद्या कव्हर बदलू देऊ?