टाळूवरचं तेल

जुलाब लागलेल्या लेकराचं पाणी मी तोडलं होतं. चुकून नाही, विसरूनही नाही. चांगला विचार करून. फुटक्या माठात कुणी वरून पाणी ओतत बसतं का? ओतायचं थांबवलं की गळायचं थांबतं. हे माझं शास्त्र. आज माझ्या सगळ्या नातवंडांनी माझ्या मांडीवर हगून ठेवलेलं आहे, त्यामुळे या विषयाची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्या सातवी पास पोरीची, जी मीच होते.

आमचं गाव शिरूर कासारकडचं. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला ट्रकात बसतं आणि उन्हाळ्यापर्यंत फडावर पाचटाच्या कोपीत राहतं. आमच्या घरातून थोरले दीर आणि जाऊ जायचे. जावेला मी अक्का म्हणायचे. माझे मालक गावातल्या पिठाच्या गिरणीवर होते, म्हणून आम्ही दोघं आणि सासूबाई मागे राहायचो. लग्नाला काही वर्षं होऊनही माझी कूस उजवली नव्हती, आणि अक्काची पोरगी नुकती भिंत धरून चालायला लागली होती. दोन्ही गोष्टी मला दिवसभर दिसायच्या.

"फडावर कावून नेती लेकराला?" मी अक्काला म्हणाले. "थंडी, धुरळा, वर बिबट्याचं भ्या. ठेव माझ्याजवळ."

"तुला जमंल का गं? तू अजून लेकरू संबाळलेलं न्हाईस."

"सातवी शिकलेय मी. पुस्तकात समदं असतं."

सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, चुलीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हिच्या पुस्तकात लेकराचा गू असतो का इचार आधी."

अक्का हसली आणि तिथंच फसली. पोरगी माझ्याकडे राहिली. जाताना अक्कानं एवढंच सांगितलं, "दूध वाटीनं पाज, आन् वाटी राखेनं घासत जा."

वाटी! मी पाटोद्याच्या बाजारातून रबरी बोंडाची बाटली आणली. शहरातल्या बायका बाटलीनं पाजतात, मग मी काय कमी होते? बाटली काखेत घेऊन मी ओट्यावर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. गावात तशी बाटली दुसरी नव्हती. तसं गाढवही दुसरं नव्हतं.

शिमग्याच्या सुमाराला विहीर आटली. टँकर यायचा आणि पाणी विहिरीत सोडून जायचा. मग सगळ्या बायका एकदम पोहरे टाकायच्या, तळाचा गाळही वर यायचा. ते पाणी रांजणात ओतायचं आणि ज्याला तहान लागेल त्यानं हातासकट तांब्या बुडवायचा. बाटली त्याच पाण्यानं एकदा खळखळवली की झाली. सकाळचं उरलेलं दूध दुपारपर्यंत तिच्यातच राहायचं, बोंडावर माश्या बसायच्या. मी त्या पदरानं हाकलायचे आणि तेच बोंड पोरीच्या तोंडात द्यायचे. पदर मात्र रोज धुतलेला असायचा, हे कबूल करते.

पोरीला पातळ परसाकडला व्हायला लागलं. आत्याबाई म्हणाल्या, दात येतायत. शेजारीण म्हणाली, नजर लागली. मी दोघींचाही मान राखला. मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, जायफळ उगाळून चाटवलं. मग माझं फुटक्या माठाचं शास्त्र काढलं आणि दूध, पाणी दोन्ही बंद. रांजण दिसला की पोरगी हात पसरून रडायची, म्हणून तिला आतल्या खोलीत नेऊन निजवलं. तिला रांजण दिसू नये ही माझी माया.

दुसऱ्या दिवशी ती रडायची थांबली. मला वाटलं, जायफळाचा गुण आला. लंगोटही कोरडा होता. मी शेजारणीला बोलावून तो कोरडा लंगोट दाखवला, बक्षीस मिळाल्यासारखा. पोटात काही उरलेलंच नाही, लघवीलासुद्धा नाही, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. मधे कण्हली तेव्हा डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. मी म्हणाले, बघा किती शहाणी झाली.

मग आत्याबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "टाळू बसली गं हिची. तेल भर."

टाळू बसली की तेल भरायचं, हे आमच्याकडे सगळ्याच जणी करायच्या. मी कोमट तेल ओतलं. ते ओघळलं नाही. खळग्यात साचून राहिलं. मला तेही चांगलंच लक्षण वाटलं, तेल मुरतंय म्हणून.

मालक गिरणीवरून जेवायला आले, पोरीकडे पाहिलं आणि ताटावर बसलेच नाहीत. जीप मिळेपर्यंत त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"पाणी शेवटचं कधी पाजलं?"

"पाजलंच न्हाई, साहेब," मी म्हणाले. आवाजात थोडा तोरा होता, खोटं कशाला सांगू. "बंद केलंय."

"आणि हे डोक्यावर काय ओतलंय?"

"तेल. टाळू वर याया."

"अहो बाई, अंगातलं पाणी संपलं म्हणून टाळू आत गेली. ती पाण्यानं वर येईल. तेल काय करणार?" मग सिस्टरला हाक मारून ते तिची शीर शोधायला बसले. हाताला सापडेना, पायाला सापडेना. सुई आत जाईपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. मध्ये कधीतरी त्यांनी बाटलीचं बोंड हुंगलं आणि बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"जुलाबानं लेकरू मरत नाही," ते नंतर म्हणाले, "पाणी संपल्यानं मरतं. जेवढं खालून जातंय तेवढं वरून भरत राहायचं. दूधही तोडायचं नाही."

सलाईननंतर मीठ-साखरेच्या पुडीचं, ओआरएसचं, पाणी आलं. चमचा-चमचा पाजायचं. ओकली तर जरा थांबायचं, पुन्हा पाजायचं. संध्याकाळी तिनं माझी साडी ओली केली. तशीच ओली साडी नेसून मी रात्रभर बसले. बदलायला दुसरी नव्हती आणि असती तरी बदलली नसती.

आता आमच्या गल्लीत आशाताई पुड्या घरी आणून देतात, बरोबर झिंकच्या गोळ्या. जुलाब थांबले तरी त्या सांगितलेले सगळे दिवस द्यायच्या. पुडी नसली तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून बघावं, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यावं. गुवात रक्त दिसलं, लघवी थांबली, लेकरू पाणी घेईना किंवा मान टाकू लागलं, तर घरातल्या शहाण्या बाईला बाजूला सारून दवाखाना गाठावा. अशी बाई प्रत्येक घरात एक असते. आमच्या घरात मी होते.

अक्षय्य तृतीयेच्या आसपास अक्का परत आली. पोरगी गुटगुटीत झाली होती. आत्याबाई म्हणाल्या, सांगू नको. मी सांगितलं नाही. विहिरीवर टँकरची वाट बघताना शेजारणीनं सांगितलं. अक्का घरी आली, घागर ठेवली, पोरीला उचललं आणि माझ्याशी भांडली नाही. अख्खा पावसाळा गेला, तरी भांडली नाही. भांडली असती तर मी पाया पडून मोकळी झाले असते.

पुढच्या दसऱ्यानंतर ट्रक आला तेव्हा पोरगी अक्काच्या कडेवर होती. त्या वर्षीही गेली, पुढच्याही वर्षी गेली. शाळेत नाव होतं, पोरगी उसात होती. आज ती स्वतः नवऱ्याबरोबर कोयता घेऊन जाते. मला काकू म्हणते, पाया पडते, आणि स्वतःची लेकरं बरोबर नेते. माझ्या सातवीचं पुण्य.

पोरीला पहिल्यांदा नेलं त्या दिवशी, ट्रक उभा असताना मी अक्काचा पदर धरला होता. म्हणाले, "ठेव गं तिला. आता कळतंय मला समदं. मी शाळेत घालीन तिला."

अक्कानं भांड्यांचं गाठोडं वर दिलं, पोरीला वर दिलं आणि पदर सोडवून घेतला. "तू जीव लावतीस, ते मला ठाव हाय," ती म्हणाली. "पर मला एखादी गोष्ट न्हाई कळली, तर मी शेजारच्या कोपीत जाऊन इचारते. तू कुणाला इचारलं व्हतंस?"