लातूरचा ठप्पा

आमच्या गावात टपाल घरपोच यावं म्हणून खटपट करणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढं होतो. निवृत्तीच्या समारंभात लोकांनी हेच भरभरून सांगितलं. मी हारातल्या पाकळ्या चिवडत खाली बघत बसलो होतो, त्याला त्यांनी विनय म्हटलं.

गाव नांदेडच्या रस्त्यावरचं, नावालाच शहर. एसटीनं टपालाची थैली यायची आणि पोस्टमास्तर ओट्यावर उभे राहून नावं पुकारायचे. हजर असेल त्यानं घ्यावं, नसेल त्याचं पत्र तिकडं जाणाऱ्या कुणाच्याही हाती पडायचं. आमची गल्ली नाल्यापलीकडं, सगळी बौद्धांची घरं. तिकडं सहसा कुणी जायचं नाही. एकदा माझ्या मामाचं पत्र कुणाच्या तरी सदऱ्याच्या खिशात धुऊन निघालं आणि मग आम्हाला मिळालं.

अशात लातूरचा नवा जिल्हा झाला. पाट्या रंगल्या, कचेऱ्या उघडल्या. आता आपल्यापर्यंतही काहीतरी येईल, असं सगळ्यांना वाटायला लागलं. पाऊस तेवढा आला नाही. विहिरी तळाला गेल्या आणि गल्लीतली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला, बांधकामावर निघून गेली. मी मॅट्रिक होऊन घरी माशा मारत बसलो होतो. पोस्टमास्तरांनी मला बोलावून घेतलं.

"साहेब येऊन पुढल्या महिन्याचं टपाल मोजणार हाईत. भरलं तर घरोघरी वाटायला माणूस मंजूर होतंय. आन् तो माणूस तू."

माणसंच गावात नव्हती तर टपाल कुठून भरणार? मग गावानं गावालाच पत्रं लिहायचं ठरलं. हॉटेलवाल्यानं स्वतःला कार्ड लिहिलं की तुमचा चहा उत्तम असतो. एका गुरुजींनी बायकोला लिहिलं आणि म्हणे तिचं उत्तरही आलं, एकाच घरात राहून. लई दिवसांनी गाव हसलं. कार्डं गावातल्या पेटीत टाकली असती तर ठप्पा गावचाच पडून लबाडी उघडी पडली असती. म्हणून गठ्ठा कंडक्टरकडं द्यायचा आणि तो लातूरच्या स्टँडावरच्या पेटीत टाकायचा. पोस्टमास्तरांनी कानाडोळा केला.

नाल्यापलीकडची कार्डं मी लिहिली. मतदारयादी पुढं घेतली आणि घरटी एक लिहीत सुटलो. सगळ्यांना मजकूर एकच. "मी खुशाल आहे. काळजी करू नये."

यादीत आमच्या शेजारच्या मावशीचं नाव होतं. नवरा वारलेला, एकुलता एक लेक दोन वर्षांमागं हमालीला म्हणून गेला, त्याची चिठ्ठी नाही की निरोप नाही. दर बाजाराच्या दिवशी ती पोस्टात जाऊन भांडायची, "माझं पत्र तुमच्याच कुठल्या खणात पडलंय." हे मला चांगलं ठाऊक होतं. पण हात चालत होता, डोकं नव्हतं.

पुढल्या बाजाराच्या दिवशी ती पोस्टात मिळालेलं कार्ड पदराखाली धरून आमच्या दारात आली. "वाच, बाबा."

मी वाचलं.

"नाव घातलं न्हाई?"

"विसरला असंल."

तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "वळी सरळ आल्यात. पहिलं लई वाकडं लिवायचा." मग तिनं विचारलं, "ठप्पा कुठला हाय रं?"

तेवढ्या एकाच प्रश्नाचं खरं उत्तर माझ्याजवळ होतं. "लातूरचा," मी म्हणालो. खरं बोलल्याचं मला तेव्हा बरंसुद्धा वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती लातूरला गेली. डाळमिली पालथ्या घालून संध्याकाळी परत आली आणि उरलेल्या मिली उद्या बघते म्हणाली. साहेबांची मोजणी चालू होती. मोजणी संपली की सांगू, असं मी ठरवलं. मोजणी संपली, टपाल भरलं, मला पिशवी मिळाली. नोकरी पक्की झाली की सांगू, असं मग ठरवलं. भित्र्याला सबब काय, दारात उभीच असते. तोवर तिनं घराला कुलूप घालून चावी माझ्या आईकडं दिली होती. "पत्र आलं तर ठिवून घ्या," एवढंच सांगून गेली.

माझ्या पहिल्या फेरीला हॉटेलवाल्यानं सायकलीला हार घातला. नाल्यापलीकडं पहिल्यांदाच टपाल घेऊन कुणी आलं होतं, आणि घ्यायला दारं उघडी होती चार-पाच. बाकीच्यांची पोस्टात साठलेली कार्डं मी कुलूपबंद दारांखालच्या फटीतून सरकवली. मावशीच्या दारात सरकवायला काही नव्हतं. पुढं रोजच नव्हतं.

वर्षभरानं कामानिमित्त लातूरला गेलो तेव्हा ती मला धान्याच्या मोंढ्याजवळ दिसली. एका मिलीच्या फाटकापाशी सांडलेली तूर सुपात पाखडत बसली होती. अंगानं निम्मी राहिली होती. हमाल सगळे ह्याच फाटकानं बाहेर पडतात, म्हणून ही जागा धरलीय, म्हणाली. बोलता बोलता जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होती. मला तिथं उभं राहवेना. आज सांगायचंच, असं म्हणून मी तोंड उघडलं.

"मावशी, ते कार्ड..."

"दुसरं आलं का?"

"न्हाई."

तिनं सूप खाली ठेवलं. तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी बघितला नव्हता.

"मंग बराबर हाय. म्या हितं आल्याचं कळलंय त्याला. म्हणून तिकडं लिवत न्हाई. हाव की न्हाई?"

मी हाव म्हणालो आणि साडेतीनची गाडी धरली.