अडीच महिने पाळी नाही

“सिस्टर, मुलगी पंधरा वर्षांची. लग्न झालेलं नाही. आणि तुम्ही लिहिलंय, शेवटची पाळी अडीच महिन्यांपूर्वी. मी काय समजायचं?”

आरोग्य केंद्राचे डॉक्टर फॉर्म माझ्यापुढे नाचवत होते. अक्षर माझंच होतं. मुलगी अनिता, तांड्यावरची, नववीतली.

“आईला घेऊन बोलवा. युरिन टेस्ट करू.” म्हणजे दिवस गेलेत का ते बघायचं.

“सर, तांड्यावर नुसती कुणकुण लागली तरी पोरीची शाळा बंद. महिन्याच्या आत लग्न लावून मोकळे होतील. आधी मी एकटी जाऊन येते.”

“उद्या संध्याकाळपर्यंत. नंतर मला बोलवावंच लागेल.”

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्सबाई. हिंगोली जिल्हा नवा-नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. शाळेतल्या मुलींचा सर्वे निघाला होता. प्रश्न वरून छापून आलेले, उत्तरं आम्ही भरायची. पोरी लाजून तोंड उघडत नाहीत, म्हणून मी एक युक्ती काढली होती. आधी शेताचं विचारायचं. औंदा काय पेरलं, गहू कसा आहे. पोरगी बोलती झाली की हळूच, “आणि पाळी कधी आली?” फॉर्म पटापट भरत होते. माझ्या हुशारीवर मी फार खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. वाटभर मनातल्या मनात त्या पोरीला झापत होते. कोण असेल, कुठं भेटत असतील, सगळं माझं ठरवून झालं होतं. खोटं कशाला सांगू?

अनिता शेतात खुरपत होती. बाप बांधावर बसलेला. मी तिच्याजवळ वाकून शक्य तितक्या हळू विचारलं, “अनिता, पाळीचं काय झालं गं?”

उत्तर बापाने दिलं, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं. “कशाची पाळी घेऊन बसलात बाई! अडीच महिने झाले! सिद्धेश्वर धरणाला पाणी हाय म्हणत्यात, पण आमी पडलो टेलला, कालव्याच्या पार शेवटाला. गहू पिवळा पडून राहिला. तुमी तरी सायबाला सांगा!”

कप्पाळ माझं! कालव्याचं पाणी गावागावाला आळीपाळीने सोडतात, त्याला इकडे पाळी म्हणतात. मी शेताचं विचारत होते, पोरगी शेताचंच सांगत होती. शेताला पाणी आणणाऱ्या चारीच्या कोरड्या पात्राकडे बघत मी नुसती उभी राहिले. ज्या पोरीने बरोबर उत्तर दिलं, तिला मी वाटभर काय काय म्हटलं होतं!

तिला बाभळीखाली बाजूला नेलं. “अगं, बायकांचं महिन्याचं ते. तुला होतं ना?”

मान खाली. “व्हय. परवाच उरकलं.”

“त्याला घरी काय म्हणता?”

“काईच न्हाई. आई म्हणते, बाजूला बस.” मग एकदम माझा हात धरला. “बाई, त्याला गोळी हाय का? वरीस झालं, दर महिन्याला रक्त जाऊन राहिलं. मी मरन का?”

वर्षभर ही पोरगी मरणाची वाट बघत शाळेत जात होती. मला रडूच आलं. मग तिथंच बसून सगळं सांगितलं. हे दुखणं नाही, सगळ्या बायांना येतं, तुझ्या आईला, मला. कापड ती कडब्याच्या आड ओलंच दडवायची. ते साबणाने धुऊन उन्हात वाळव म्हटलं.

मग ती म्हणाली, “पाण्याची पाळी आली की पाटकरी गावभर वरडून सांगतो. हे काहून कुणीच सांगत न्हाई?”

संध्याकाळी मी केंद्रावर परत आले.

डॉक्टर ऐकून पोट धरून हसले. “सुटलो! द्या, तो फॉर्म दुरुस्त करू.”

“तो एकच नाही सर. सगळा गठ्ठा परत द्या.”

“का? बाकीच्या पोरी तर नॉर्मल आहेत.”

“कालव्याच्या वरच्या गावांतल्या पोरींनी ‘मागच्या आठवड्यात आली’ असं सांगितलंय. मी ‘नियमित’वर टिक केलंय. ती पाण्याची होती की ही, देवाला ठाऊक.”

त्यांचं हसू थांबलं. चुकीचं दिसलं म्हणून एक फॉर्म सापडला होता. बरोबर दिसणारे तसेच पुढे जाणार होते.

सगळ्या शाळा मी पुन्हा केल्या, वरिष्ठांची बोलणीही खाल्ली. अनिता दहावी झाली. तेव्हापासून पेनाचं टोपण काढायच्या आधी मी एकच विचारायचे, “तुमच्या घरी ह्याला काय म्हणतात?”

बहुतेक पोरी म्हणायच्या, “काईच न्हाई.” फॉर्मवर त्या उत्तराला रकाना नव्हता. मी समासात लिहीत गेले.