रिकामी दावण पाहून लिहिलेलं, आणि झरीची दुसरी फेरी

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की झरीच्या कौसामावशींनी शेती सोडली. ते चूक आहे. आमचं चार एकर रान त्या कित्येक वर्षं बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, करतात. मी त्यांची रिकामी दावण पाहिली, बैल विकल्याचं ऐकलं आणि काही न विचारता लिहून मोकळी झाले. ज्याच्या दारात बैल त्यालाच रान द्यावं, हे माझ्या वडिलांनी, आण्णांनी, मला शाळेच्या आधी शिकवलं होतं. लेख गावभर फिरला आणि ट्रॅक्टरवाल्या दिगंबरभाऊंचा फोन आला, "ताई, रान मला द्या." म्हणून पुन्हा निघाले.

पुण्याहून रात्रीची रेल्वे सकाळी परभणीला सोडते. पुढे जिंतूरची एसटी घ्या आणि वाटेत झरीला उतरा; बायकांना अर्धं तिकीट. काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही. स्टँडवर गरम भजी खाल्ली. वाटेत दोन्ही बाजूंना हरभऱ्याची मळणी चालली होती, खिडकीतून भुसा आत येत होता.

कौसामावशींनी दारातच धरलं.

"दावण रिकामी दिसली आन् माणूसच संपलं म्हून लिवलंस व्हय गं?"

"चुकलं, मावशी."

"अगं, ट्रॅक्टर भाड्यानं मिळायलाय म्हून तर बैल इकले. बैलाला बारा महिने कडबा लागतोय. ट्रॅक्टरचं काम चार दिवसाचं. आता तुझं रान मला लय सोपं जायलंय."

म्हणजे ज्यामुळे त्यांनी शेती सोडली असं मला वाटलं, त्याच्याच जोरावर त्या ती धरून होत्या.

दुपारी बांधावर दिगंबरभाऊ भेटले. माणूस सरळ वाटला. "तुमचं रान माझ्या दोन वावरांच्या मधात हाय. बांध मोडला की ट्रॅक्टर एका दमात फिरतंय. ठोक्यानं घेतो, पीक येवो न येवो, पैसे पाडव्यालाच." हेही मला पटलं. मग कौसामावशींची नांगरट कोण करतं, विचारलं. हसले. "मीच की!"

परत येऊन मी मावशींना म्हटलं, रान तुमचंच. त्या खूश झाल्या नाहीत.

"त्याला न्हाई म्हनायचं ते तूच म्हन, समोर बसून. माझ्या तोंडून गेलं तर पेरणीला त्याचं ट्रॅक्टर माझ्याकडं सगळ्यात शेवटी यील. तवर वाफसा उडून जाईल."

ओल जाऊन जमीन टणक झाली की पेरणी हुकली. ज्याला नकार द्यायचा, त्याच्याच ट्रॅक्टरच्या नंबरावर मावशींचं साल. मग रान देऊन मी त्यांचं भलं करतेय की त्यांना अडकवतेय? घरी येऊन आठवडा झाला. आण्णांच्या धड्यात ट्रॅक्टर नव्हता.

एवढंच ठरलंय की फोनवर सांगायचं नाही. साल पाडव्याला बदलतं, त्याआधी जायला हवं. मावशी म्हणाल्या, अमावस्येला औत न जुंपायची रीत दिगंबरभाऊ ट्रॅक्टरलाही पाळतात, त्या दिवशी ते घरीच असतात.

म्हणून पाडव्याच्या आदल्या दिवशी, अमावस्येला, सकाळी त्यांच्या ओसरीवर.