लागलं का गं?

मल्लेश्वरमच्या आमच्या कराटे क्लासात सगळे तिला अक्का म्हणतात. पन्नाशीची, आमच्यासारखीच इथल्या जुन्या मराठी घरातली. स्पॅरिंगआधी ती चष्मा काढून चपलेत ठेवते, मंगळसूत्र आत खोचते आणि कानडीत 'सरी', म्हणजे 'ठीक', म्हणत ग्लोव्हज चढवते.

ठोसा ती हलकाच मारते, पण प्रत्येक ठोशानंतर काळजीने विचारते, "लागलं का गं?" मी 'नाही' म्हणताना हात खाली आणायचे आणि तेवढ्यात दुसरा बसायचा. मला ही शुद्ध लबाडी वाटायची. एकदा चिडून तसं बोललेही.

"उत्तर तोंडानं द्यायचं," ती शांतपणे म्हणाली. "त्यासाठी हात कशाला खाली येतात?"

परवाच्या शनिवारी तिनं पुन्हा विचारलं. या वेळी हात चेहऱ्यासमोर तसेच ठेवून मी म्हटलं, "नाही अक्का," आणि बोलता बोलता तिच्या पोटात ठोसा दिला. ती स्वल्प मागे सरकली, पोट चोळलं आणि पुन्हा समोर उभी राहिली.

त्यानंतरचे तिचे ठोसे चांगलेच जोरात होते. लागलं का, हे तिनं एकदाही विचारलं नाही.

घरी जाताना बरगडी ठणकत होती आणि मी मेट्रोत एकटीच हसत होते.